रांजणडोहाची राखण

सदू इतका भित्रा होता की एकदा रानात त्याला जोराची शिंक आली, आणि मागं कोण शिंकलं म्हणून तो ऐनाच्या झाडावर चढला. वर गेल्यावर उंचीची भीती वाटली म्हणून उतरेना. संध्याकाळी गावातल्या चौघांनी खाली घोंगडी धरली आणि उडी मार म्हणाले, तर घोंगडीला मधोमध भोक आहे म्हणून तो रडायला लागला. शेवटी त्याच्या बायकोनं, जनानं, झाडाखाली तीन दगड मांडून भाकरी भाजली, तेव्हा कुठं वासावर उतरला. ते ऐनाचं झाड अजून आहे. ज्याला खोटं वाटत असेल त्यानं जाऊन झाडाला विचारावं.

मात्र देवानं त्याला एक गोष्ट हातचं राखून न ठेवता दिली होती, ती म्हणजे आवाज. सदू घाबरून ओरडला की माथेरानच्या कड्यावरची माकडं फांद्या सोडत, आणि कर्जत स्टेशनात सुटायच्या बेतात असलेल्या गाडीचा गार्ड निशाण खाली घेऊन इकडंतिकडं बघे. हा भित्रेपणा आणि हा आवाज, या दोन्हींपायी आंबेशेत गावानं रांजणडोहाची राखण त्याच्या गळ्यात घातली.

त्याचं असं झालं. लढाईचे दिवस होते. पिकलेलं भात सरकारच्या सक्तीच्या लेव्हीत जात होतं आणि उरेल त्यात माणसं पोट बसवत होती. अशा एका वैशाखात गावानं मासे गुंगवणारी गेळाची फळं पाट्या भरभरून आणली, दगडावर कुटली आणि रांजणडोहात कालवली. उन्हाळ्यात सगळी नदी आटून गोटे उघडे पडतात, तेव्हा पाच कोसांतली मासळी त्या एका खडकाच्या रांजणात येऊन राहते. दुपारपर्यंत डोह पांढरा झाला. मरळ, वाम, मळ्या, शिंगटी, सगळी पोटं वर करून तरंगायला लागली. लोकांनी टोपल्या भरल्या, लुगड्याचे ओचे भरले, कुणी तर धोतर सोडून त्याची झोळी केली आणि तसाच घरी गेला. गावातल्या कुत्र्यांनी एवढं खाल्लं की चोर आला तरी पडल्या पडल्या शेपटी हलवीत.

मग आषाढ आला. आषाढाच्या पुरात मासे उलटे चढतात. पोटात गाभोळी घेऊन नदीतून ओढ्यात शिरतात, ओढ्यातून खाचरात, आणि गुडघाभर भाताच्या पाण्यात अंडी सोडून परत जातात. त्या दिवसांत आंबेशेतमध्ये चुलीवर दुसरं कालवण नसतं. त्या वर्षीही सगळा गाव पहाटे खोयनी, म्हणजे मासे अडकवायचे बांबूचे सापळे, आणि टोपल्या घेऊन बांधावर उभा राहिला. पाणी आलं. गढूळ, फेसाळ, भरपूर पाणी आलं, आणि त्यात काही नव्हतं. एरवी चढणीचे मासे शेपट्या आपटतात तो आवाज माणसाला झोपेतून उठवतो. त्या पहाटे पाण्याचाच तेवढा आवाज होता. म्हातारी अंबाबाई खाचरात उतरली आणि वाकून दोन्ही हातांनी पाणी चाचपत राहिली, अंधाऱ्या घरात आजारी माणूस चाचपावा तशी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. नदी मेली, असं अंबाबाई म्हणाली, आणि तिला गप्प बस म्हणायचा धीर एकालाही झाला नाही.

भातं झोडून झाल्यावर मारुतीच्या देवळापुढं गाव बसला. आबाजी गावात सगळ्यांत म्हातारा. तो जन्मला तेव्हा बोरघाटातनं आगगाडी जायची की नाही यावर लोकांच्या पैजा लागत. त्यानं सांगितलं, की डोहात उन्हाळा काढतात त्याच आया आषाढात चढतात, आणि आपण आयाच खाल्ल्या. आता तीन पावसाळे डोहात जाळं नाही, गळ नाही, विष नाही. ओढ्याच्या तोंडाशी खोयन लावायची तर अर्धं तोंड उघडं ठेवायचं. गाभोळीची मादी हाती लागली तर परत सोडायची. पहिल्या वर्षी काही दिसणार नाही, तो म्हणाला. दुसऱ्या वर्षी बोटाएवढे दिसतील आणि तुमच्या तोंडाला पाणी सुटेल, तेच वर्ष वाईट. तिसऱ्या वर्षी त्यांच्या आया होतील.

राखायला कोण, यावर गावातले तालीमबाज पुढं झाले. आबाजीनं त्यांना हातानं खाली बसवलं आणि मागं खांबाआड बसलेल्या सदूकडं बोट दाखवलं. सगळे हसले. आबाजी हसला नाही.

"धीट मानूस चोराशी बोलतो," तो म्हणाला. "बोलला की दोगांत वाटा ठरतो. ह्याला बोलताच येनार नाय. हा वरडंल."

नेम असा ठरला, की सदू ओरडला की हातातलं काम टाकून घरटी एक माणूस डोहावर धावलं पाहिजे. न येणाऱ्याला डोह उघडेल तेव्हा वाटा नाही. आणि सदूला राखणीबद्दल ओढ्याच्या तोंडाची खोयन लावायची जागा, त्याच्या घराला कायमची. सदूचं तोंड पांढरं पडलं होतं, तो नाही म्हणणार एवढ्यात बायकांतून जना उठली आणि कबूल म्हणाली. त्यांची जमीन म्हणजे डोंगराच्या कडेचा खडकाळ तुकडा, त्यात नाचणी उगवायची ती दगडांवर मेहेरबानी करून. ओढ्याचं तोंड मिळालं तर घराला पोटभर आधार होता. डोह बुडाला तर मात्र सगळ्या गावाचं खापर फुटायला सदूचंच डोकं होतं, आणि मग खालापूरच्या बाजूला लष्करी रस्त्यासाठी दगडाची खाण निघाली होती, तिथं पाट्या वाहायला जाण्यावाचून काही उरलं नसतं.

सदू राखणीला बसू लागला. सकाळ-संध्याकाळ कशी तरी निघे. दुपार निघत नसे. वैशाखातल्या टळटळीत दुपारी नदीवर चिटपाखरू नसतं, आणि याच वेळेला माणूस ओढून नेणाऱ्या जलदेवता, आसरा, पाण्याबाहेर येऊन केस वाळवतात हे त्यानं आईच्या मांडीवर ऐकलेलं होतं. खडक इतका तापे की बुडाखाली पळसाची पानं घालावी लागत. घाम भुवयांवरून डोळ्यांत उतरे. डोहाचं पाणी काळं, मधोमध त्याचा तळ कुणी पाहिला नव्हता, आणि सदू त्यात घोट्यापलीकडं कधी उतरला नव्हता. पाण्यात काही हललं की तो पानांसकट मागं सरकायचा. आणि मग तो ओरडायचा.

पाणमांजराला बघून ओरडला. घोरपडीला बघून ओरडला. खंड्यानं सूर मारला तेव्हा ओरडला. एकदा स्वतःच्याच डोक्यावरचं पान गळून पाण्यात पडलं, तेव्हा तर असा ओरडला की दोन कोसांवरच्या लग्नात भटजी मंगलाष्टकं विसरला. दरवेळी गाव आला. नेमच होता. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजायचं राबाचं काम अर्धं टाकून, तोंडातला घास टाकून, काठ्या-कोयते घेऊन माणसं धापा टाकत आली आणि पाणमांजर बघून परत गेली. पहिल्या वर्षी हसली. दुसऱ्या वर्षी शिव्या दिल्या. भागूबाईचा राब तिच्या माघारी भडकून काठावरचं गवत जळालं, तेव्हा तिनं ओल्या शेणाचा गोळा सदूच्या छाताडावर मारला आणि तो पुसायचा नाही अशी ताकीद दिली. त्यानं पुसला नाही. शेण वाळून आपोआप पडेपर्यंत तसाच बसला. आबाजी काठी टेकत सगळ्यांच्या शेवटी यायचा, पाण्याकडं बघायचा आणि म्हणायचा, "आज आलो, उद्या बी येऊ. तू वरड."

पण शेणाचा गोळा लागल्यापासून सदूच्या मनात एक नवी भीती शिरली. ती ओरडायची भीती होती. पाण्यात काही हललं की आवाज गळ्यापर्यंत यायचा आणि तिथं भागूबाई उभी असायची. तो आवाज गिळायला शिकला. तिसऱ्या उन्हाळ्यात तो जवळजवळ ओरडलाच नाही, आणि गाव म्हणाला, चला, सुधारला.

डोह मात्र भरला होता. सकाळी ऊन तिरकं असताना खडकावरून खाली पाहिलं की मरळीच्या जोड्या दिसत, मनगटाएवढ्या, आणि त्यांच्या डोक्यावर तांबड्या पिल्लांचा ढग. आई-बाप खालून राखण करीत फिरायचे. सदूला त्या मरळींचीही भीती वाटायची. तरी तो रोज सकाळी बघायचा.

त्याच वैशाखात हिरामण पाहुणा आला. हिरामण जनाचा धाकटा भाऊ, खाणीवर मुकादम. अंगात खाकी अर्धी पँट, पायात बूट, आणि कपड्यांना सुरुंगाच्या दारूचा कडवट वास. जना हरखली. तिनं ठेवणीतले तांदूळ काढले, सुकटीचं कालवण केलं. हिरामण पोटभर जेवला, बहिणीच्या हाताचं कौतुक केलं आणि मग सहज डोहाचं विचारलं. खाणीवर साहेबांची मेजवानी होती, छावणीचा ट्रक मासळी उचलायला तयार होता. सुरुंगाची एक कांडी, एक वात, की दोन पोती मासे. परवा दुपारी आपण दोन माणसं घेऊन येतो, दाजींनी फक्त तेवढा वेळ गप्प बसायचं. बहिणीला लुगडं, दाजींना खाणीवर बसून खायचं काम.

सदू काही बोलला नाही. त्याला गावानं नेमलंच होतं ते त्यासाठी. हिरामणनं खिशात हात घातला, केळाएवढी कांडी काढली आणि हसत त्याच्या तळहातावर ठेवली.

"बगा तरी दाजी, कशी थंड लागते. लेकरावानी."

सदूच्या हातावर ती कांडी होती आणि हात त्याचा राहिला नव्हता. टाकावी तर फुटेल, धरावी तर फुटेल. त्याच्या बगलेतून घाम निघाला तो कोपरापर्यंत आला आणि जमिनीवर ठिपके पडले. हिरामण हसतच राहिला. शेवटी जना चुलीपासून उठली, तिनं दोन बोटांनी ती कांडी उचलली आणि भावाच्या मांडीवर ठेवली.

"माज्या घरात ही पुन्हा आनू नको," ती म्हणाली.

"अगं तायडे, गंमत केली."

"दाजींची गंमत करायला तुला गाव पडलाय. घरात नको."

हिरामण गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी जना आणि सदू राबासाठी ऐनाच्या पाल्याचे भारे वाहत होते. वाटेत तिनं भारा उतरवला आणि जांभळीला टेकून उभी राहिली. सदूनं विचारलं, मी काय करू. तिनं बराच वेळ मानेवरचा काटा काढला.

"अवो, तुमी वरडलात तर गाव त्याला मारंल," ती म्हणाली. "त्यो माज्या पाठचा हाय. मी त्याला कडेवर वाढवलाय. आन तुमी नाय वरडलात तर गाव तुमाला मारंल, आन ते बी मला बघायचंय. मला इचारू नका. माज्याकडं काय नाय सांगायला."

तिनं भारा डोक्यावर घेतला आणि पुढं चालू लागली.

सदू त्या सकाळी आबाजीच्या ओट्यापर्यंत गेला. आबाजी दोरी वळत बसला होता. सदू उभा राहिला. डावा पाय उजव्यावर घासला. आबाजीनं काय रं विचारलं. सदूच्या तोंडून निघालं, की काल पाणमांजर दिसलं होतं. आबाजी म्हणाला, बरं. सदू म्हणाला, दोन होती. आबाजी म्हणाला, असतील. सदू अजून थोडा वेळ उभा राहिला आणि माघारी आला. वाटेत भागूबाई भेटली आणि म्हणाली, काय वरडेश्वर, आज कुठं चाललात. तो तिला वळसा घालून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपार झाली. आभाळ तापलेल्या तव्यासारखं झालं होतं. सगळीकडं राब भाजले जात होते, धुराचे पट्टे हवेत आडवे थांबले होते, त्यामुळं उन्हाला एक पिवळट रंग आला होता. सदू खडकाच्या टोकाला पानं घालून बसला होता. पलीकडच्या काठाच्या करवंदीत फांद्या मोडल्याचा आवाज झाला, आणि हिरामण व त्याची दोन माणसं गोट्यांवरून पाय देत आली. एकाच्या खांद्यावर रिकामी पोती होती.

सदूनं तोंड उघडलं. छाती भरून वारा घेतला. आवाज आला नाही. गळ्यात काहीतरी कोरडं, लाकडासारखं आडवं बसलं होतं. त्यानं पुन्हा तोंड उघडलं, मान ताणली, डोळे बाहेर आले. कुत्रं ओकायच्या आधी करतं तसा नुसता आवाज निघाला. हिरामणच्या माणसांपैकी एक हसला.

"शाने हायत आमचे दाजी," हिरामण म्हणाला आणि येऊन त्याच खडकावर उकिडवा बसला.

त्यानं कांडीला वात खोचली. वात चाकूनं आखूड कापली, कारण पाण्यात कांडी लवकर फुटायला हवी होती, नाहीतर मासे पांगतात, असं तो आपल्या माणसांना समजावत होता. कांडीला सुतळीनं दगड बांधला. हे सगळं तो सुपारी कातरावी तितक्या सावकाश करत होता. सदू त्याच्या बोटांकडं बघत होता आणि त्या बोटांवरून नजर काढता येत नव्हती. हिरामणनं बिडी ओढून तिचं टोक लाल केलं आणि वातीला लावलं. वात फुसफुसली. जळलेल्या दारूचा वास आला.

त्या फुसफुस आवाजानं सदूचे पाय गेले. पाय गेले म्हणजे तिथं पाय होते हे तो विसरला. खडकाची पाण्याकडची बाजू शेवाळलेली होती. पानं सरकली, त्यांच्याबरोबर सदू सरकला, आणि कुणाला काही कळायच्या आत तो रांजणडोहात गेला.

काळं, थंड पाणी नाकातोंडात शिरलं. पायाखाली काही नव्हतं. कशाची तरी शेपटी त्याच्या पोटावरून गेली. हातपाय मारता मारता त्याची बोटं खडकाच्या एका खाचेत अडकली आणि डोकं वर आलं. वर हिरामण वाकला होता. उजव्या हातात कांडी, वात फुसफुसतेय, आणि डावा हात खाली सदूकडं लांब केलेला.

"धरा दाजी. धरा हात. बिगी."

त्याचा चेहरा हसरा नव्हता. तो चेहरा एकदम जनाच्या चेहऱ्यासारखा दिसत होता. हात अगदी जवळ होता, कोपर सरळ केलं असतं तर सदूला मिळाला असता. सदूनं त्या हाताकडं बघितलं. मग दुसऱ्या हाताकडं बघितलं. त्याच्या भिजलेल्या डोक्यात एक गोष्ट लख्ख उभी राहिली. तो पाण्यात होता तोवर कांडी पाण्यात येणार नव्हती. तो हात धरून बाहेर आला की लगेच येणार होती. त्याला कांडीची भीती वाटत होती. हिरामणची वाटत होती, गावाची वाटत होती, खालच्या शेपटीची तर एवढी वाटत होती की दातांवर दात आपटत होते. पण त्यानं मोकळा हातही पाण्याखाली नेला आणि तोही त्या खाचेत खुपसला.

"दाजी, धरा की. वात संपली," हिरामण म्हणाला. त्याचा हात तसाच खाली होता.

तेव्हा सदूच्या गळ्यातलं लाकूड निघालं. तो ओरडला. शेणाच्या गोळ्यापासून गिळलेलं सगळं त्या एका ओरडण्यात आलं. काठावरचे बगळे उडाले आणि म्हणतात की परत आलेच नाहीत, थेट पनवेलच्या खाडीवर जाऊन राहिले. हिरामण दचकला, मागं वळला आणि त्यानं कांडी मागच्या कोरड्या गोट्यांकडं फेकली. ती हातातून सुटता सुटताच फुटली.

आवाज असा झाला की नंतर कितीतरी वेळ जगात आवाजच नव्हता. सदूच्या डोक्यावर वाळू पडली, खडे पडले, आणि पाण्यावर लाल शिंतोडे पडले. हिरामणची दोन माणसं करवंदीत पळाली ती गेलीच. हिरामण खडकावर बसला होता आणि आपल्या उजव्या मनगटाकडं बघत होता. मनगटापुढं जे होतं त्याला हात म्हणता येत नव्हतं.

गाव आला. घरटी एक माणूस, राबाची राख गुडघ्यापर्यंत माखलेला, हातात कोयते, काठ्या. कोयता उगारून पुढं आलेला माणूस हिरामणचा हात बघून थांबला आणि कोयता त्यानं पाठीमागं लपवला. सदूच्या घरातून नेमाप्रमाणं जना आली होती. ती धावत खडकावर चढली. तिनं पाण्यातल्या नवऱ्याकडं एकदा बघितलं, भावाकडं एकदा बघितलं, आणि भावाजवळ बसली. लुगड्याचा पदर दातांनी फाडला. तिनं मनगट आवळून बांधलं तेव्हा हिरामण आई गं म्हणाला, दुसरं काही नाही. आबाजीनं बैलगाडी जुंपायला माणूस पिटाळला, आणि कर्जतच्या दवाखान्याकडं गाडी गेली. जना गाडीत भावाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

सदू पाण्यातून निघेना. चौघांनी ओढलं तरी खाचेतली बोटं सुटेनात. ऊन उतरल्यावर त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याची कातडी भिजवलेल्या पावट्यासारखी झाली होती.

त्या दिवसापासून सदू गावाचा वाघ झाला. सुरुंग बघून त्यानं स्वतःला डोहात झोकून दिलं, असं भागूबाई बाजारात सांगायला लागली, आणि नेरळपर्यंत जाईतो त्या गोष्टीत सदूनं कांडी दातांनी विझवली होती. सदू जो भेटेल त्याला सांगायचा, की मी घसरलो. लोक म्हणायचे, बघा, थोर माणसं अशीच बोलतात. मग तो सांगायचा बंद झाला. त्याला आता आपल्या या नव्या नावाचीच धास्ती वाटायला लागली.

घरात मात्र कुणी त्याला वाघ म्हणत नव्हतं. हिरामणचा पंजा कापला होता. खाणीनं त्याला काढून टाकलं, आणि आई-बाप नव्हते, तेव्हा तो बहिणीकडंच येऊन राहिला. जेवताना सदूच्या समोर बसायचा. डाव्या हातानं भात कालवताना त्याची बोटं चुकायची, शितं मांडीवर पडायची, आणि जना ती काही न बोलता उचलायची. हिरामण सदूशी बोलत नव्हता. नुसता बघायचा. ज्या माणसाचा हात आपल्यापायी गेला तो समोर बसून रोज जेवतोय, ही भीती सदूला कुठल्याही आसरेच्या भीतीपेक्षा मोठी होती. तो घास चावायचा विसरायचा. जनाही त्याच्याशी कामापुरतंच बोलायची. तिनं कधी त्याला दोष दिला नाही, आणि दिला असता तर बरं झालं असतं असं त्याला वाटायचं.

त्या आषाढात मासे चढले. ओढ्याच्या अर्ध्या उघड्या तोंडातून चढले, खाचराखाचरात शिरले, बांधांवरून उड्या मारून रस्त्यावर आले, आणि आबाजीच्या ओट्यावर एक मरळ येऊन बसली होती असं सांगणारी माणसं गावात होती. अंबाबाई बांधावर उभी राहून रडली. ओढ्याच्या तोंडाशी सदूच्या घरची पहिली खोयन जनानं लावली. त्यात सापडलेली गाभोळीची मादी तिनं ओंजळीत धरून परत पाण्यात सोडली, आणि हिरामण काठावर उभा राहून ते बघत होता.

दिवाळीनंतर पुन्हा गाव बसला. डोह उघडायचा का, यावर चांगली हमरीतुमरी झाली. आबाजीनं वरचा उथळ भाग उघडला, चार बोटं शिरतील एवढ्या भोकाच्या जाळ्यासाठी, आणि खालचा खोल रांजण कधीच नाही. कधीच म्हणजे किती, असं कुणी विचारलं. आपली नातवंडं आबाजी होतील तोवर, असं तो म्हणाला. राखण सदूकडंच राहिली. मग आबाजीनं हिरामणकडं बघितलं.

"ह्याला बी बसवा," तो म्हणाला. "सदू वरडंल. आन ज्यानं बार आनला आसंल त्यानं ह्याच्या हाताकडं बगावं. दुसरं काय सांगाया नको."

हिरामणनं मान खाली घातली आणि मान खाली घालूनच होकार दिला.

तेव्हापासून दोघं खडकावर बसू लागले. वैशाख आला, दुपार आली, खडक तापला. सदू एका टोकाला, हिरामण दुसऱ्या टोकाला. मधे दोन माणसं आडवी झोपतील एवढी जागा. सदू डोहाकडं पाठ करायला भ्यायचा आणि हिरामणकडं पाठ करायला त्याहून जास्त भ्यायचा, त्यामुळं तो खेकड्यासारखा तिरका बसायचा. हिरामणला तंबाखूची सवय होती. एका हातानं तंबाखू मळता येत नाही. तो चंची काढून खडकावर ठेवायचा आणि काही न बोलता वाट बघायचा. सदू सरकत जायचा, तंबाखू तळहातावर घ्यायचा, चुना लावायचा आणि अंगठ्यानं मळायचा.

एका दुपारी तो असाच मळत होता. खाली मरळीची जोडी पिल्लांचा तांबडा ढग घेऊन खडकाच्या सावलीत आली होती. हिरामण त्यांच्याकडं बघत होता.

"दाजी, येक इचारू?"

सदूचा अंगठा थांबला.

"त्या दिशी तुमी घसरलात का उतरलात?"

वर्षभर सदूनं या प्रश्नाची वाट बघितली होती, आणि वर्षभर तो या प्रश्नापासून तिरका बसला होता. घसरलो म्हणावं तर याचा हात एका शेवाळापायी गेला. उतरलो म्हणावं तर तो आपण घेतला. दोन माणसांची जागा मधे होती ती आता नव्हती, हिरामणचा गुडघा त्याच्या गुडघ्याला लागत होता, आणि खडकाच्या कडेला पाणी काळं होतं. गाव ओरडल्यावर आला असता, पण इथं ओरडून काय सांगायचं होतं.

"घसरलो," तो म्हणाला. "घसरलोच. पन तू हात दिलास आन मी धरला नाय. ते घसरून नाय. ते जानून."

खालचा तांबडा ढग सावलीतून उन्हात गेला आणि आई-बाप त्याच्या मागं गेले.

"मंग बरं," हिरामण शेवटी म्हणाला. "नुसतं घसरला असतात तर माजा हात फुकट गेला असता."

आणि त्यानं डावा तळहात पुढं केला. सदूनं मळलेली तंबाखू त्यावर ठेवली. निम्मी ठेवली, निम्मी खडकावर सांडली.